माळ्यावरून उतरवलेला व्हिडिओ गेम: अडॅप्टर लावण्यापूर्वी

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. रत्नागिरीजवळच्या गावच्या घराचा माळा आवरताना आपल्याला १९९६ च्या सुमारास वडिलांनी घेतलेला, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम सापडला. सोबत चार कॅसेट, दोन रिमोट आणि एक गन. मूळ अडॅप्टर हरवलेला असल्यामुळे आपण वाय-फाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून पाहिला. लाल दिवा लागला. नव्या एलईडी टीव्हीवर तीन कॅसेटना नुसता एकरंगी करडा पडदा येतो. चौथीत स्टार्ट दाबल्यावर मारिओची धून नीट ऐकू येते, पण चित्रात उभ्या रेघा आणि भलतेच तुकडे दिसतात, आणि रंग मधूनच उडतो. एका रिमोटचे उजवे बटण चालत नाही, गन तर अजिबात चालत नाही. हे दुरुस्त होण्यासारखे आहे का, की शेकडो गेम भरलेला एखादा नवा संच मुलीसाठी घ्यावा, असे आपण विचारले आहे.

दुरुस्त होण्यासारखे आहे, आणि त्यातले बरेचसे घरीच होईल. मारिओच्या पहिल्या पडद्यावर संगीत नसते. खेळ सुरू झाल्यावरच धून वाजते. म्हणजे आपला संच कॅसेटमधला प्रोग्रॅम वाचतो आहे, रिमोटचे स्टार्ट बटण ओळखतो आहे आणि आवाज तयार करतो आहे. मुख्य चिप, तिची मेमरी आणि तिला ठेका देणारा क्रिस्टल शाबूत असल्याशिवाय हे घडत नाही. गेली अनेक वर्षे मी टीव्ही आणि असे संच दुरुस्त करत आलो आहे, आणि माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक संचांचा दोष चिपमध्ये नसून जिथे माणसाचा हात लागतो तिथे होता: अडॅप्टरचे सॉकेट, कॅसेटची खाच, रिमोटची वायर, बटणाखालचे रबर. आपल्या संचाची लक्षणेही तशीच आहेत. मात्र राउटरचा तो अडॅप्टर आजच काढून ठेवावा.

त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण चांगला संच कायमचा निकामी होतो तो बहुधा याच ठिकाणी. संचाच्या आतल्या चिपांना ५ व्होल्ट लागतात. बाहेरून आलेला दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवण्याचे काम ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर करतो, आणि उरलेले व्होल्ट तो उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. संच समजा ४०० मिलीअँपिअर प्रवाह घेत असेल, तर ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर ७८०५ ला १.६ वॉट उष्णता सोसावी लागते. १२ व्होल्टवर तीच २.८ वॉट होते. मूळ संचात या रेग्युलेटरला जेमतेम एक ॲल्युमिनियमची पट्टी जोडलेली असते, काहींत तीही नसते. तापमान फार वाढले की ७८०५ स्वतःच्या संरक्षणासाठी पुरवठा तोडतो, थंड झाला की पुन्हा देतो, आणि तोवर शेजारच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधले द्रव सुकत जाते. आपला रंग मधूनच उडतो त्यामागे हे तापणेही असू शकते.

दुसरा धोका ध्रुवतेचा आहे. राउटरच्या अडॅप्टरच्या पिनेत साधारणतः आतला भाग धन आणि बाहेरचा ऋण असतो. असे संच ज्याची नक्कल आहेत त्या जपानमधल्या मूळ यंत्राला, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमला, याच्या उलट, आतला भाग ऋण असलेला १० व्होल्टचा अडॅप्टर लागत असे, आणि त्याच्या नकला बनवणाऱ्यांनी कधी हा नियम पाळला, कधी पाळला नाही. काही संचांत आत चार डायोडचा ब्रिज असतो, त्यांना कशीही पिन चालते. इतरांत उलट पिन गेली की इनपुटचा कपॅसिटर फुगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा चालता संच मी स्वतः असाच घालवला होता; पिन आत बसते म्हणजे ती योग्यच आहे, असे मी समजून चाललो होतो. तेव्हापासून आधी मल्टिमीटर (व्होल्ट आणि रोध मोजणारा मीटर) आणि मग पिन असा क्रम मी मोडलेला नाही. आपला दिवा लागला, म्हणजे ध्रुवता जुळली आहे किंवा आत ब्रिज आहे, इतके म्हणता येईल. पण दिवा कधी ७८०५ च्या आधी जोडलेला असतो, कधी नंतर, त्यामुळे चिपांना पूर्ण ५ व्होल्ट पोहोचतात याचा तो पुरावा मानू नये.

तेव्हा ९ व्होल्ट आणि किमान ५०० मिलीअँपिअरचा चांगला अडॅप्टर घ्यावा. मुंबईला जाणे होत असेल तर लॅमिंग्टन रोडला, पुण्याला होत असेल तर तपकीर गल्लीत तो सहज मिळेल. जुन्या वजनदार ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरवर ९ लिहिलेले असले तरी भार नसताना तो मीटरवर १२ ते १३ व्होल्टही दाखवतो. आजच्या हलक्या एसएमपीएस अडॅप्टरचे तसे होत नाही, म्हणून तोच बरा. संच उघडून, वीज न जोडता, मीटरने ७८०५ चा मधला आणि शेवटचा पाय यांमधला रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि पुढे जाऊ नये. शॉर्ट नसेल तर अडॅप्टर जोडून तिसऱ्या पायावर किती व्होल्ट येतात ते पाहावे. अक्षरे आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड आणि उजवा आउटपुट असतो. ४.८ ते ५.२ व्होल्ट आले म्हणजे ठीक. कमी आले तर ७८०५ आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलावेत, नवे कपॅसिटर १०५ अंश तापमानाचे घ्यावेत. रेग्युलेटरची किंमत साधारण एका वडापावाएवढी पडते.

उघडल्यावर आत काय दिसते ते अवश्य नीट पाहून ठेवावे. आपल्याकडे ज्याला नुसते व्हिडिओ गेम म्हटले जाई, तो निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची तैवान किंवा चीनमध्ये झालेली नक्कल होती. १९८५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या त्याच यंत्राच्या अवतारात निन्टेन्डोने अनधिकृत कॅसेट रोखणारी कुलपाची चिप घातली आणि कॅसेटच्या पिना ६० वरून ७२ केल्या. जपानी यंत्रात असे कुलूप नव्हते, म्हणून नकलाकारांनी तेच उचलले, आणि आपल्या कॅसेट ६० पिनांच्या राहिल्या. सुरुवातीच्या नकलांमध्ये ४० पायांच्या दोन मोठ्या चिपा असतात, एक प्रोग्रॅम चालवणारी आणि दुसरी चित्र काढणारी. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या यूए ६५२७ पी आणि यूए ६५३८ ही जोडी मी अनेकदा पाहिली आहे. त्यांच्याशेजारी प्रत्येकी २ किलोबाइटच्या दोन मेमरी चिपा असतात. पुढे हे सगळे एकाच चिपेत आले आणि तिच्यावर काळ्या इपॉक्सीचा थेंब ओतला गेला. आत वेगवेगळ्या चिपा असतील तर संच चांगला जपावा, कारण त्यातला प्रत्येक भाग बदलता येतो. काळा थेंब असेल तर थेंबाखालचे काही बिघडल्यास सबंध बोर्डच बदलावा लागतो. पण आपली धून वाजते, तेव्हा ती वेळ आलेली नाही.

आता कॅसेट. आपल्या तक्रारीचा खरा गाभा इथे आहे, म्हणून थोडे थांबतो.

कॅसेटमध्ये दोन स्वतंत्र मेमरी असतात: एकीत प्रोग्रॅम, दुसरीत चित्रांचे तुकडे. १९८५ चा मूळ मारिओ म्हणजे ३२ किलोबाइट प्रोग्रॅम आणि ८ किलोबाइट चित्रे, एवढाच; आज मोबाइलवर येणारा एक साधा फोटो याहून कितीतरी मोठा असतो. दोन्ही मेमरींच्या तारा ६० पिनांतून वेगवेगळ्या जातात. प्रोग्रॅमच्या बाजूची एक पिन जरी टेकली नाही तरी खेळ सुरूच होत नाही आणि पडदा एकरंगी राहतो, जसे आपल्या तीन कॅसेटचे झाले आहे. चित्रांच्या बाजूची पिन टेकली नाही तर खेळ व्यवस्थित चालतो, संगीत वाजते, मारिओ उडीही मारतो, फक्त तो मारिओसारखा दिसत नाही. ही आपली चौथी कॅसेट. त्यातही भेद करता येतो. चित्रे ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींनी बनतात आणि चित्रमेमरीच्या आठ डेटा तारांपैकी प्रत्येक तार चौकटीतला एकेक उभा स्तंभ पोहोचवते. म्हणून पडदाभर ठरावीक अंतराने उभ्या रेघा दिसल्या तर डेटाची पिन टेकत नाही, आणि ढगाच्या जागी वीट, विटेच्या जागी अक्षर असे भलतेच तुकडे आले तर पत्त्याची, म्हणजे मेमरीतली जागा सांगणारी, पिन टेकत नाही. आपल्याला दोन्ही दिसते आहे, याचा अर्थ एकाहून अधिक पिना मळलेल्या आहेत. चिपेवर संशय घेण्याचे कारण नाही.

मळ कशाचा असेल हे सांगायला मला आपले घर पाहावे लागणार नाही. कोकणातली खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि माळ्यावरची ओल यांनी तांब्यावर हिरवट थर चढतो. त्यात आपण सर्वांनीच लहानपणी केलेला एक उद्योग मिसळलेला असतो: कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. फुंकरीने कॅसेट चालू होते असे सर्वांना वाटे, आणि अनुभवही तसाच येई. पण उपयोग व्हायचा तो काढून पुन्हा बसवण्याचा, कारण त्यात पिना घासल्या जाऊन नव्या जागी टेकत. फुंकरीबरोबर गेलेला दमटपणा मात्र धातू गंजवत राहिला. ज्या कॅसेट सर्वांत आवडत्या होत्या, त्यांच्याच पिना आज सर्वांत वाईट अवस्थेत सापडतात.

कॅसेट उघडता आली तर बरे, नाही तर बाहेरूनच, कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिना पुसाव्यात. काडी काळी येणे थांबेपर्यंत नव्या काड्या घेत राहाव्यात. अल्कोहोल ९९ टक्के शुद्धतेचे असावे, जखमेला लावायच्या स्पिरिटमध्ये पाणी अधिक असते. हिरवा डाग राहिलाच तर पेन्सिलच्या साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासावे आणि भुगा पुन्हा अल्कोहोलने काढावा. पॉलिश पेपर कदापि वापरू नये. या कॅसेटवरचा सोनेरी थर मुळातच पातळ असतो. पॉलिश पेपरने तो जातो, पिना दोन दिवस लखलखतात आणि पहिल्या पावसाळ्यात पहिल्यापेक्षा जास्त गंजतात. पेट्रोल, रॉकेल, केरोसीनमिश्रित गंजनाशक फवारे यांचेही नाव नको, कारण त्यांचा तेलकट थर धूळ धरतो.

संचातली खाच साफ करणे अधिक नाजूक काम आहे. स्वच्छ केलेली एखादी फारशी आवडती नसलेली कॅसेट घ्यावी, तिच्या पिनांना किंचित अल्कोहोल लावावे आणि वीज बंद ठेवून ती खाचेत दहाबारा वेळा सरळ आत-बाहेर करावी, प्रत्येक वेळी पिना पुसून. जाड पुठ्ठा किंवा दुमडलेले कापड खाचेत कोंबू नये. त्याने आतल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या कायमच्या फाकतात आणि मग एकही कॅसेट घट्ट बसत नाही. तसे आधीच झाले असेल तर ६० पिनांची नवी खाच मिळते, पण ६० टाके काढून पुन्हा घालायचे काम आहे. सोल्डर सक्शन पंपाचा हात बसलेला नसेल तर ते जाणत्याकडून करून घ्यावे. आणि हो, संच उघडला आहे तर झुरळांची अंडी आणि उंदराने कुरतडलेल्या वायरी पाहून घ्याव्यात. कोकणातून आलेल्या संचांत मला हे दोन्ही इतक्या वेळा सापडले आहे की मी आता मास्क लावूनच झाकण उघडतो.

आपल्या कॅसेटपैकी एकीवर ९९९९९९९ इन १ असे छापलेले आहे आणि मुलीने ‘यात खरोखर इतके गेम आहेत का’ असे विचारले, असेही आपण लिहिले आहे. नाहीत. अशा कॅसेटमध्ये खरे खेळ बोटांवर मोजण्याइतके असतात. मेनूतला प्रत्येक क्रमांक त्यांपैकीच एखादा खेळ सुरू करतो, आणि त्याआधी मेमरीत सुरुवातीची पातळी, वेग किंवा जीव यांचे आकडे बदलून ठेवतो. म्हणून १ ला एक खेळ आणि कितीतरी पुढे तोच खेळ दुसऱ्याच पातळीपासून सुरू होतो. आम्ही मुले सुट्टीत समुद्रपक्ष्यांचे चित्र असलेल्या त्या मेनूवर पाने उलटत बसायचो, पुढे कुठेतरी न पाहिलेला खेळ असेल या आशेने. ती मेहनत वाया गेली हे मला बऱ्याच उशिरा, कॅसेट फोडून मेमरी मोजल्यावर कळले.

आता टीव्हीकडे. संचाला पिवळे व्हिडिओ सॉकेट असेल तर तेच वापरावे. नव्या टीव्हीवर त्यासाठी बहुधा ३.५ मिलिमीटरचा एव्ही जॅक असतो आणि त्याची वेगळी वायर लागते. फक्त अँटेनाची वायर असेल तर संचातली पत्र्याची डबी, म्हणजे आरएफ मॉड्युलेटर, चित्र आणि आवाज व्हीएचएफच्या एका चॅनेलवर चढवते, आणि टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर असला तर हाताने शोधून तो चॅनेल पकडता येतो. चित्र मिळते पण त्यात मुंग्या दिसतात आणि आवाजात गुणगुण राहते. जाणता कारागीर या डबीला बगल देऊन चित्र काढणाऱ्या चिपेच्या २१ व्या पायापासून एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रोध वापरून सरळ व्हिडिओ बाहेर काढू शकतो. दोन मोठ्या चिपांच्या संचात हा बदल सोपा आहे आणि त्याने चित्र ओळखू न येण्याइतके सुधारते.

रंग उडण्याचे दुसरे कारण इथे येते. भारतातले ॲनालॉग प्रसारण पाल या रंगीत चित्राच्या पद्धतीचे होते, सेकंदाला ५० चित्रांचे, आणि रंगाची लहर ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झची. आपल्यासारख्या पाल संचात २६.६०१७१२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, म्हणजे त्या लहरीच्या सहापट. वयोमानाने तो किंचित सरकला तर टीव्हीचा रंग सुटतो आणि चित्र कृष्णधवल होते. बऱ्याच बोर्डांवर क्रिस्टलशेजारी एक बारीक ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा स्क्रू, असतो. संच अर्धा तास तापू द्यावा आणि प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने तो अगदी थोडा फिरवून रंग स्थिर होतो का ते पाहावे. आधी अडॅप्टर बदलावा. निम्म्या वेळा ट्रिमरला हात लावावाच लागत नाही.

याच ५० आकड्यात एक गंमत दडलेली आहे, आणि आपल्या ‘नवा संच घ्यावा का’ या प्रश्नाचे अर्धे उत्तरही. मारिओ आणि कॉन्ट्रा जपानच्या सेकंदाला ६० चित्रांसाठी लिहिले गेले. आपल्या संचात प्रत्येक चित्रामागे खेळाची एक पायरी पुढे सरकते, आणि चित्रे ५० च असल्याने सगळा खेळ, संगीतासकट, सुमारे १७ टक्के संथ चालतो. स्वरांची पट्टी मात्र जवळपास तीच राहते, कारण या नकलांमधल्या मुख्य चिपेचा वेग मूळच्या जवळ, १.७७ मेगाहर्ट्झ ठेवलेला आहे. जपानी यंत्रात तो १.७९ होता. म्हणजे आपल्या पिढीच्या कानात बसलेली मारिओची धून ही मूळ धून नसून तिचा विलंबित अवतार आहे. अमेरिकेत वाढलेले माझे भाचे माझ्याकडे खेळायला बसले की यंत्र दमलेले वाटते म्हणतात. मी त्यांच्याकडे खेळलो तर पहिल्याच खड्ड्यात पडतो, कारण माझी बोटे ५० च्या ठेक्यावर उडी मारतात. बाजारातला नवा, एचडीएमआयचा संच बहुधा ६० वर चालतो. आपल्या मुलीला त्याने काही फरक पडणार नाही, पण आपल्याला तो खेळ ओळखीचा असूनही परका वाटेल. संगणकावर खेळायचे झाल्यास मेसेन किंवा एफसीईयूएक्स या इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) प्रदेशाच्या जागी ‘डेंडी’ निवडावे. डेंडी हा रशियात १९९२ मध्ये विक्रीला आलेला अशाच नकलेचा संच, आणि त्याचा ठेका आपल्या संचासारखा आहे.

एलईडी टीव्हीवर उडी उशिरा बसते असे वाटले तर रिमोट खराब समजू नये. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र येईल तसे उमटे. नवा टीव्ही ते आधी साठवतो, मोठे करतो आणि मग दाखवतो. सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो लावल्याने हा उशीर बराच कमी होतो.

गन न चालण्याचे कारणही हेच आहे, आणि ती बिघडलेली असेलच असे नाही. घोडा दाबला की बदकांच्या शिकारीचा खेळ एका चित्रापुरता पडदा काळा करतो आणि पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. गनच्या नळीतल्या प्रकाशसंवेदकाला तो उजेड नेमक्या त्या क्षणी दिसला तर बदक पडते. एलईडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो आणि त्याचा उजेड ट्यूबसारखा ओळीओळीने लुकलुकत नाही, त्यामुळे संवेदक आंधळा राहतो. गन तपासायची असेल तर जुना ट्यूबचा टीव्ही लागेल. तो भंगारवाल्याकडून आणलात तर वापरा, पण मागचे झाकण उघडू नका. ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो राहतो. व्हिडिओ गेमने पिक्चर ट्यूब जाते म्हणून तेव्हा घरोघरी आई-वडील ओरडत, आणि माझ्या दुकानात येऊन खात्रीही करून घेत. तेच चित्र दिवसभर दाखवणाऱ्या पार्लरमधल्या मशीनच्या ट्यूबवर डाग पडायचे हे खरे, पण संध्याकाळच्या तासाभराने घरचा टीव्ही गेल्याचे मी पाहिले नाही. मुलांना अभ्यासाला बसवण्यासाठी ते कारण उपयोगी होते, म्हणून मी फारसे खोडूनही काढत नसे.

उरला रिमोट. त्याच्या पाच तारा असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, आणि तीन संकेतांच्या. संच एका तारेवर इशारा देतो, दुसरीवर आठ ठोके देतो आणि तिसरीवर आठ बटणांची स्थिती एकामागून एक वाचून घेतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. यावरून दोष ओळखता येतो. एकही बटण चालत नसेल किंवा सगळी वेड्यासारखी वागत असतील, तर तार तुटली आहे, बहुधा रिमोटमध्ये शिरते तिथे, कारण आपण सर्वांनी ती खेचली आहे. तिथली बोटभर वायर कापून पाची तारा पुन्हा जोडाव्यात. एकच बटण चालत नसेल, जसे आपले उजवे, तर वायर निर्दोष आहे आणि दोष रबराखाली आहे. मारिओ जवळजवळ संपूर्ण खेळ उजवीकडेच धावतो, तेव्हा तेच बटण आधी झिजावे यात नवल नाही. रबराच्या खालचा काळा कार्बनचा ठिपका आणि बोर्डवरची पट्टी दोन्ही अल्कोहोलने हळुवार पुसावीत. ठिपका घासून नाहीसा करू नये. मीटरने ठिपक्याचा रोध मोजला आणि तो इतर बटणांच्या ठिपक्यांपेक्षा कित्येक पट निघाला, तर सिलेक्टचे रबर फारसे वापरलेले नसते, आकार जुळल्यास त्याच्याशी अदलाबदल करून पाहावी. मऊ पेन्सिलचे शिसे ठिपक्यावर घासण्याचा उपायही चालतो, पण महिना-दोन महिनेच.

दुरुस्तीनंतर रिमोट तपासण्यासाठी मी कॉन्ट्रा वापरतो. पहिल्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए आणि मग स्टार्ट दाबले की ३० जीव मिळतात. कॉन्ट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी हा क्रम मुळात १९८६ च्या ग्रॅडियस या खेळाची चाचणी सोपी व्हावी म्हणून घातला होता. सिलेक्ट सोडून प्रत्येक बटण त्यात येते, आणि एकही चुकले तर तीनच जीव मिळतात. मात्र अनेक खेळांच्या कॅसेटमधल्या कॉन्ट्रात कधीकधी ३० जीव आधीच दिलेले असतात, तेव्हा या चाचणीसाठी स्वतंत्र कॅसेट हवी.

पिवळा पडलेला डबा पांढरा करण्याच्या फंदात सध्या पडू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची रीत आहे, पण प्लास्टिक ठिकठिकाणी डागाळते, पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो, आणि खेळण्याला त्याचा काही उपयोग नाही. काम झाल्यावर संच माळ्यावर परत जाऊ नये, एवढे पाहावे. कॅसेट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. तांदूळ घालून उपयोग नाही, त्याने ओल फारशी जात नाही आणि पोरकिडे मात्र येतात.

नवा अडॅप्टर आल्यावर ७८०५ च्या तिसऱ्या पायावर किती व्होल्ट आले, आत दोन मोठ्या चिपा आहेत की काळा थेंब, आणि पिना पुसल्यावर चौथ्या कॅसेटमध्ये उभ्या रेघा राहिल्या की नुसते भलते तुकडे राहिले, हे तीन तपशील मला कळवावेत. रेघा राहिल्या असतील तर खाचेतली नेमकी कोणती पिन पाहायची ते त्यावरून सांगता येईल.